फांदी लावणं, आणि ती लागेपर्यंत थांबणं

कुंडीत खोचलेल्या गुलाबाच्या काडीला पंधराव्या दिवशी दोन लालसर कोंब फुटले, तेव्हा मला वाटलं फांदी लागली. आणखी आठवड्याने त्या कोंबांची इवली पानं उलगडली. मला राहवलं नाही, काडी अलगद उपटली. तळाशी एकही मूळ नव्हतं. कापलेल्या जागी फिकट, खडबडीत, ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती, एवढंच. काडी तशीच परत खोचली, पण चारच दिवसांत पालवीने मान टाकली आणि नंतर ती वाळून गेली.

नव्याने बाग करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडून ही चूक होते, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. जून फांदीत आधीचं अन्न साठवलेलं असतं. त्या शिदोरीवर डोळे फुटतात, पानंही येतात. पण पान आलं की त्यातून पाणी उडायला लागतं, आणि ते भरून काढायला खाली मूळ नसतं. पालवी आली म्हणजे मूळ आलं, असं धरून चालू नका. त्या गाठीचंही तसंच आहे. तिला कॅलस म्हणतात, ती जखम भरून आल्याची खूण आहे. तिच्यामागून मुळं येतील किंवा येणारही नाहीत.

कापलेल्या फांदीची सगळी अडचण एका वाक्यात मावते: पानांतून पाणी जातंय, आणि पाणी ओढणारं मूळ अजून नाही. कापलेल्या टोकातून थोडं पाणी वर चढतं, पण ते पुरत नाही. म्हणून पाणी वाढवावं, तर तळ कुजतो. फांदी मरते ती वाळून किंवा कुजून. खाली जे जे सांगतोय ते सगळं, मुळं येईपर्यंत या दोन्हींपासून तिला वाचवण्यासाठी आहे.

सुरुवात कुठून करावी

पहिल्याच प्रयत्नाला गुलाब किंवा बोगनवेल घेऊ नका. कोलियस (रंगीबेरंगी पानांचं शोभेचं झाड), मनीप्लांट, पुदिना किंवा तुळस घ्या. कोलियस आणि पुदिन्याला आठ-पंधरा दिवसांत मुळं दिसतात, मनीप्लांटला दोन ते चार आठवडे लागतात. मुळं कशी फुटतात, किती नाजूक असतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या अवघड झाडांवर धीर धरायला बळ येतं. त्यानंतर जास्वंद आणि मोगरा, मग गुलाब आणि बोगनवेल, असा क्रम मला योग्य वाटतो. ताडाच्या जातीच्या झाडांचा नाद सोडा, ती फांदीवरून होत नाहीत.

मूळ झाड निरोगी हवं, याबाबतीत तडजोड नको. फांदीवरून केलेलं रोप म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. पानांवर पिवळे-हिरवे वेडेवाकडे पट्टे पाडणारा विषाणू झाडात असेल, तर तो प्रत्येक कटिंगमध्ये जातो. पिठ्या ढेकूण पेरांच्या बेचक्यात कापसासारखा लपलेला असतो. कापण्याआधी तिथे नीट पाहा.

कोणती फांदी घ्यायची

कोवळ्या शेंड्याची फांदी लवकर मुळं धरते, पण लवकर कोमेजते. जून, लाकडासारखी झालेली फांदी तग धरते, पण मुळांना वेळ घेते. जास्वंद, मोगरा, गुलाब यांसाठी मधली अवस्था उत्तम. ओळखायचं असं: फांदी बोटांनी हळू वाकवा. नुसतीच रबरासारखी वाकली तर फार कोवळी, अजिबात वाकली नाही तर जून. थोडी वाकून मग कटकन मोडली, तर तीच हवी. बोगनवेलीसाठी मात्र पेन्सिलीएवढ्या जाडीची, साल करडी व्हायला लागलेली फांदी घ्या.

फुलं किंवा कळ्या असलेली फांदी शक्यतो टाळा. तीच घ्यावी लागली तर कळ्या खुडून टाका, नाहीतर फांदीतलं अन्न तिकडे जातं. फार वयस्क झाडाच्या टोकाकडच्या फांद्यांपेक्षा तरुण झाडाच्या, किंवा छाटणीनंतर बुंध्याजवळून जोमाने आलेल्या फांद्या लवकर लागतात.

आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी घाला आणि सकाळी लवकर कापा. त्या वेळी फांदी पाण्याने टच्च भरलेली असते. लगेच लावणं जमणार नसेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत, सावलीत ठेवा. दुपारच्या उन्हात तासभर पडलेली फांदी नंतर पाण्यात ठेवून तरतरीत दिसली, तरी माझ्या हाताला अशी फांदी क्वचितच लागली आहे.

कापणं

कात्री धारदार हवी आणि पातं स्पिरिटने पुसलेलं हवं. बोथट कात्री देठ चिरडते आणि त्या चिरडलेल्या भागातून कूज शिरते.

फांदीवर जिथून पान निघतं ते पेर. बहुतेक झाडांत मुळं फुटण्याची ताकद पेराच्या आसपास जास्त असते, म्हणून खालचा काप पेराच्या अर्धा सेंटिमीटर खाली घ्या. तुकड्याची लांबी कोलियससारख्या झाडाला ७ ते १० सेंटिमीटर, जास्वंद-मोगऱ्याला १० ते १५, बोगनवेलीला १५ ते २०. निदान दोन-तीन पेरं त्यात यायला हवीत. मनीप्लांटच्या पेराजवळ तपकिरी, टोकदार फुगीर ठिपका दिसतो. ते हवेत निघालेलं मूळ आहे, पाणी मिळताच तेच वाढतं. नुसतं पान देठासकट तोडून पाण्यात ठेवलं तर ते महिनोन्‌महिने हिरवं राहील, पण पेर नसल्यामुळे त्यातून वेल कधीच निघणार नाही.

खालचा काप तिरका आणि वरचा सरळ घ्यायची सवय लावून घ्या. पानं काढलेल्या आठ-दहा काड्या समोर पडल्या की कुठली बाजू वरची, हे विसरायला होतं, आणि उलटी खोचलेली काडी सहसा लागत नाही. फांदीला वर-खाली कळतं. शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते देठातून खाली उतरतं आणि कापलेल्या टोकाशी साचतं. मुळांना तिथे फुटायचा इशारा त्याच्याकडून मिळतो. १९२८ साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोवळ्या कोंबांची टोकं अगार या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यांवर ठेवली, त्यांतून खाली उतरलेलं द्रव्य गोळा केलं आणि वाढ घडवणारं ते हेच, असं दाखवून दिलं. आज मुळांसाठी जी पावडर मिळते तिची मुळं त्या कामात आहेत.

आता पानं. खालच्या अर्ध्या भागातली सगळी काढा. मातीत गाडलेलं पान कुजतंच. वर दोन ते तीन राहू द्या. ती मोठी असतील, जास्वंदीची असतात तशी, तर प्रत्येक पान आडवं अर्धं कापा. जीवावर येतं, पण अर्ध्या पानातून पाणीही अर्धंच उडतं. सगळी पानं मात्र काढू नका. कोवळ्या आणि अर्धवट पिकलेल्या फांदीला अन्न आणि ऑक्सिन त्या पानांतूनच मिळतं.

पावडर लावावी का

कोलियस, पुदिना, मनीप्लांट यांना गरज नाही. जास्वंद, गुलाब, बोगनवेल यांना तिचा फायदा होतो. यातला मुख्य घटक बहुतेक वेळा आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्ल असतो. डबीवर प्रमाण पाहा: कोवळ्या फांदीला साधारण ०.१ टक्का, अर्धवट पिकलेल्या फांदीला ०.३ टक्के आणि कडक, जून फांदीला ०.८ टक्के. जास्त लावलं म्हणून जास्त मुळं येत नाहीत, उलट तळ काळा पडतो.

डबीत फांदी थेट बुडवू नका. चिमूटभर पावडर झाकणात काढा, फांदीचा तळचा एक सेंटिमीटर ओलसर करून त्यात टेकवा, झटकून जादा पावडर पाडा, आणि उरलेली फेकून द्या. ती परत डबीत टाकली तर ओल आणि बुरशी सगळ्या डबीत जाते. डबी थंड, अंधाऱ्या जागी ठेवा.

कशात खोचायची

बागेतली काळी माती किंवा शेणखत घातलेली कुंडीची माती यासाठी नको. तिच्यात पाणी धरून राहतं, हवा राहत नाही, आणि कुजवणारी बुरशी तयारच असते. फुटणाऱ्या मुळाला प्राणवायू लागतो, हे नवशिक्याच्या लक्षात सहसा येत नाही. खताचीही आत्ता गरज नाही. ज्याला मूळ नाही तो खाणार कशाने? खतातल्या क्षारांनी कापलेली जागा मात्र भाजते.

मी निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि निम्मी धुतलेली जाडी रेती घेतो. रेतीऐवजी परलाइट (रोपवाटिकेत मिळणारे पांढरे, सच्छिद्र दाणे) चालतं, हलकं असल्याने ते अधिक बरं. नुसती रेतीही चालते, पण ती लवकर सुकते. कोकोपीट आधी भिजवून फुगवा, मग मूठभर घेऊन पिळा. बोटांमधून एखाद-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर आहे. धार लागली तर जास्त झालं, पसरून ठेवा.

कुंडी लहान घ्या, ७ ते १० सेंटिमीटर व्यासाची. मोठ्या कुंडीतलं मिश्रण आतून दिवसेंदिवस ओलं राहतं आणि एकट्या फांदीला ते झेपत नाही. मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती आहे पारदर्शक प्लास्टिकच्या पेल्याची. त्याच्या तळाला पाच-सहा भोकं पाडा, मिश्रण भरा, फांद्या कडेला चिकटून खोचा, आणि तो पेला दुसऱ्या अपारदर्शक पेल्यात ठेवा म्हणजे मुळांना अंधार मिळेल. बाहेरच्या पेल्यालाही भोकं हवीत, नाहीतर पाणी तिथेच साचेल. मुळं आली का हे पाहायचं असेल तेव्हा आतला पेला उचलायचा. कडेशी पांढरी रेघ दिसली की समजायचं. गुलाबाची ती काडी उपटण्याचा मोह ज्याने मोडतो ते हे साधन. कडेला निचरा आणि हवा दोन्ही बरी असतात, म्हणून साध्या कुंडीतही मध्यापेक्षा कडेने लावलेल्या फांद्या बऱ्या लागतात.

खोचताना आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग फांदी सोडा. जोराने खुपसली तर पावडर वरच खरवडून निघते आणि साल सोलवटते. निदान एक पेर मिश्रणात जायला हवं, दोन गेली तर उत्तम. बाजूने बोटांनी दाबून घ्या आणि एकदा हलकं पाणी द्या. आणि एकच फांदी लावून तिच्याकडे डोळे लावून बसू नका. पाच-सहा लावा. अनुभवी हाताच्याही सगळ्या लागत नाहीत.

झाकण, उजेड, ऊब

पानांभोवतीची हवा दमट ठेवली की पानांतून पाणी उडणं जवळजवळ थांबतं. एवढी एक गोष्ट सांभाळली तरी निम्मी लढाई जिंकली. पाण्याच्या मोठ्या पारदर्शक बाटलीचा तळ कापून ती कापलेल्या बाजूने पेल्यावर बसवा. बाटलीचं झाकण म्हणजे तुमची खिडकी: ओल जास्त वाटली तर उघडा, कमी वाटली तर लावा. पॉलिथिनची पिशवी वापरणार असाल तर आत दोन काड्या उभ्या करा, म्हणजे प्लास्टिक पानांना चिकटणार नाही. चिकटलेल्या जागी पान सडतं.

आतून बाटलीवर पुसट धुकं असावं. पाण्याचे ओघळ वाहत असतील आणि फांदी दिसेनाशी झाली असेल, तर तासभर उघडा ठेवा. अजिबात धुकं नसेल तर मिश्रण सुकलंय. दोन-तीन दिवसांनी एकदा झाकण काढून आत पाहा. गळालेलं पान लगेच उचला, पांढरी बुरशी पहिल्यांदा त्याच्यावरच येते. झाकणाखाली पाणी क्वचितच द्यावं लागतं. पेला उचलून वजनाचा अंदाज घ्या. हलका लागला तर बाहेरचा पेला काढून आतला पंधरा मिनिटं पाण्याच्या ताटलीत ठेवा आणि निथळून घ्या.

जागा भरपूर उजेडाची पण ऊन न लागणारी हवी. झाकलेल्या बाटलीवर थेट ऊन पडलं तर आतली फांदी तासाभरात उकडून निघते. अंधाऱ्या कोपऱ्यातही ठेवू नका, तिथे पानं पिवळी पडून गळतात. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमान बहुतेकांना मानवतं. थंडीत मुळं येतात, पण फार सावकाश. म्हणून झाड जोमात वाढत असतं तोच काळ फांद्या लावायलाही निवडावा.

थांबण्याच्या दिवसांत

जास्वंद आणि मोगऱ्याला साधारण चार ते सहा आठवडे, गुलाबाला चार ते आठ, बोगनवेलीला सहा ते दहा. हे आकडे अंदाजाचे. ऊब आणि फांदीचं वय बदललं की तेही बदलतात. तीन आठवड्यांनंतर फांदी दोन बोटांत धरून अगदी हलकेच वर ओढून पाहा. अडकल्यासारखी वाटली तर मुळांनी धरलंय. सुटी वाटली तर तिथेच थांबा, वर उचलू नका.

बिघडतंय का, हे फांदी स्वतः सांगते. तळ काळा, मऊ, बोटाला बुळबुळीत: कूज लागली आहे, ती फांदी लगेच काढा आणि बाकीच्यांची ओल कमी करा. देठ सुरकुतला, तळ कोरडा: ती तहानेने गेली, झाकण नीट नव्हतं. सगळी पानं गळाली पण देठ हिरवा: फेकू नका. नखाने साल जराशी खरवडा, खाली हिरवी ओल दिसली तर ती जिवंत आहे. बोगनवेल असं हमखास करते, सगळी पानं टाकून महिनाभर नुसती काडी उभी राहते आणि मग लागते.

पाण्यात मुळं काढायची असतील तर

सोप्या झाडांसाठी ही पद्धत छान आहे. फक्त तळचं एक पेर पाण्यात बुडवा, पान एकही बुडू देऊ नका, तीन-चार दिवसांनी पाणी बदला. खरी चूक नंतर होते. मुळं सुंदर दिसतात म्हणून लोक ती वीतभर लांब होईपर्यंत थांबतात. पाण्यातली मुळं ठिसूळ असतात आणि मातीशी त्यांची ओळख नसते. ३ ते ५ सेंटिमीटर झाली की लावून टाका, आणि पहिले आठ-दहा दिवस मिश्रण नेहमीपेक्षा जास्त ओलसर ठेवून वर झाकण घाला.

कण्हेरही पाण्यात सहज मुळं धरते. पण तिचे सगळे भाग विषारी आहेत आणि ज्या पाण्यात ती ठेवली ते पाणीही. लहान मुलं किंवा जनावरं घरात असतील तर तो पेला त्यांच्या हाती-तोंडी लागेल असा ठेवू नका.

चीक असलेली आणि मांसल झाडं

चाफा, निवडुंग, जेड यांना वरचे बरेच नियम उलटे लागू होतात. कापल्यावर लगेच लावायचं नाही. जेडची फांदी तीन-चार दिवस, चाफ्याची जाड फांदी आठवडा-दोन आठवडे सावलीत कोरडी पडू द्या. कापलेली जागा कडक झाली की मगच जास्त रेती असलेल्या मिश्रणात खोचा. झाकण घालू नका आणि पाणी अगदी बेताने द्या. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातमोजे घाला.

स्नेक प्लांटच्या पानाचे ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे दोन दिवस सुकवून उभे खोचले तर दीड-दोन महिन्यांत मुळं येतात, इथेही खालची बाजू खालीच हवी. पिवळ्या कडेची जात असेल तर आधीच सांगतो, तुकड्यापासून निघणारी नवी पिल्लं नुसती हिरवी येतील. पिवळी कड टिकवायची असेल तर मुळासकट पिल्लू वेगळं करणं हाच मार्ग.

मुळं आल्यावर

पेल्याच्या कडेशी तीन-चार पांढरी मुळं दिसली, त्यांना बाजूचे बारीक फाटे फुटू लागले, की फांदी वेगळ्या कुंडीत न्यायची वेळ झाली. त्याआधी आठवडाभर झाकणाची सवय मोडा: पहिल्या दिवशी तासभर उघडं, मग दोन तास, मग अर्धा दिवस. एकदम उघडलेली फांदी मुळं असूनही कोमेजते, कारण तिची पानं दमट हवेत वाढलेली असतात.

देठ धरून ओढू नका. पेला आडवा करून दाबा आणि मिश्रणाचा गोळा तसाच सरकवा. एका पेल्यात अनेक फांद्या असतील तर गोळा पाण्यात बुडवून मुळं आपोआप सुटी होऊ द्या. नवी कुंडी पहिलीपेक्षा थोडीच मोठी, माती हलकी. आठवडाभर सावलीत ठेवा, मग सकाळचं कोवळं ऊन. खत तीन-चार आठवड्यांनी, नवी पानं जोमात यायला लागल्यावर, आणि तेही नेहमीच्या निम्म्या प्रमाणात. पहिल्या कळ्या आल्या तर खुडा.

रोप वीतभर झालं की शेंडा चिमटा, म्हणजे बाजूने फांद्या फुटून ते भरगच्च होईल. कोलियसचा असेल तर तो खुडलेला शेंडा टाकू नका. खालची दोन पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवा. आठ-दहा दिवसांत पेराशी पांढरे टोकदार ठिपके दिसू लागतील.